आधी काय संपतं आणि उतारा किती पडतो: लिमिटिंग रिएजंटची गणितं, पायरीपायरीने

निपाणीला माझी आत्या विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, शेजारी दोऱ्याचं गुंडाळं. पत्र्याच्या मापावर पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा मारायचा, तोंड मुडपायचं. तिची बोटं बघत मी सुट्टीतल्या दुपारच्या दुपारी बसून राहायची. एकदा ती ऊन कलायच्या आधीच हात झाडून उठली. सुपात तंबाखू चांगली मूठभर शिल्लक होती. मी विचारलं, "आत्या, झालं आजचं काम?" ती म्हणाली, "पानं संपली गे. आता तंबाखू पोतंभर असू दे की, काय करायची तिला?"

पुढं पीयूसी फर्स्ट इयरला, म्हणजे अकरावीला, रसायनशास्त्राच्या पहिल्याच धड्यात लिमिटिंग रिएजंट आला आणि वर्गातली निम्मी मुलं गांगरली. मला मात्र आत्याचं सूप दिसलं. आज मी बेळगावात पीयूसीच्या मुलांची शिकवणी घेते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेली खानापूर, येळ्ळूर, निपाणीकडची मुलं या गणिताला दबकतात. ती गणितात कच्ची नसतात, शब्दांना अडतात. म्हणून आधी शब्द आपलेसे करून घेऊ.

दोन शब्द, आपल्या भाषेत

लिमिटिंग रिएजंट म्हणजे अभिक्रियेत जो पदार्थ सगळ्यांत आधी संपतो तो. तो संपला की अभिक्रिया थांबते, बाकीचे कितीही उरलेले असोत. मराठीत त्याला मर्यादा घालणारा अभिक्रियाकारक म्हणता येईल. आत्याच्या सुपात ती पानं होती. जो उरतो तो एक्सेस, म्हणजे जादाचा पदार्थ. ती तंबाखू.

यिल्ड या शब्दासाठी तर आपल्याकडे घरचाच शब्द आहे: उतारा. चिकोडी, अथणी, रायबागकडच्या ऊसवाल्याला "यंदा उतारा किती?" हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. एक फरक मात्र डोक्यात पक्का ठेवा. कारखान्याचा साखर उतारा ११ टक्के असतो तेव्हा १०० किलो उसातून ११ किलो साखर निघालेली असते, म्हणजे भागाकार उसाच्या सगळ्या वजनाने केलेला असतो. रसायनशास्त्रातल्या टक्केवारीत भागाकार होतो तो जास्तीत जास्त जेवढं मिळू शकलं असतं त्याने. १०० ग्रॅम माल घालून ३० ग्रॅम मिळाला आणि मिळण्यासारखा होताच ४० ग्रॅम, तर यिल्ड ७५ टक्के. ३० टक्के नव्हे.

आत्याचाच हिशेब मांडू. समजा एका विडीला कातरलेलं एक पान आणि पाव ग्रॅम तंबाखू लागते. पानं ९०० आहेत, तंबाखू २५० ग्रॅम. तंबाखू हजार विड्यांना पुरेल, पानं नऊशेलाच पुरतील. म्हणून विड्या ९००, तंबाखू उरली २५ ग्रॅम. आता माल मोजून घेणाऱ्याने त्यातल्या ४५ विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या, हातात आल्या ८५५. भागिले ९००, गुणिले १००: ९५ टक्के. आत्याला या छाटीचा फार राग होता, कारण खराब पानं देणारा आणि विडी नाकारणारा माणूस एकच असायचा. तो राग मला आज जास्त कळतो. तिच्या मजुरीतला तो पाच टक्क्यांचा तोटा वजा जाऊन उरलेले ९५ टक्के म्हणजे आपल्या पुस्तकातलं पर्सेंटेज यिल्ड.

या हिशेबात आपण पानांचं वजन तंबाखूच्या वजनाशी ताडून पाहिलं नाही, हे ध्यानात घ्या. प्रत्येक वस्तू किती विड्यांना पुरेल एवढंच पाहिलं. सगळी गणितं याच एका प्रश्नावर सुटतात.

वजन मोजायचं, पण नग समजून घ्यायचे

अणू आणि रेणू एकमेकांना नगाने भेटतात. एका अणूला दोन, दोनाला तीन, असं. आपल्याकडे मात्र तराजू असतो, तो ग्रॅम दाखवतो. ग्रॅमवरून नगांवर जाण्याचा पूल म्हणजे मोल. डझन म्हणजे बारा, ग्रोस म्हणजे एकशे चव्वेचाळीस, तसा एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके नग. २०१९ पासून हा आकडा व्याख्येनेच कायमचा ठरवून टाकलाय. गणित सोडवताना तो बहुतेक वेळा लागतही नाही. लागतं ते एका मोलचं वजन, आणि ते अणुवस्तुमानांच्या बेरजेतून निघतं.

एवढी अणुवस्तुमानं पाठ असू द्या: हायड्रोजन १, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, सोडियम २३, मॅग्नेशियम २४, अ‍ॅल्युमिनियम २७, गंधक ३२, कॅल्शियम ४०, लोह ५६. पाणी म्हणजे दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, म्हणून एक मोल पाणी १८ ग्रॅम. कार्बन डायऑक्साइड ४४. अमोनिया १७. मोल काढायचे तर ग्रॅमला या आकड्याने भागायचं, बस.

एक गणित, सावकाश

लोंडा-मिरज मार्गावर रुळाच्या सांध्यापाशी काम चाललेलं कधी पाहिलंय? दोन रुळांच्या मधल्या फटीभोवती साचा बांधतात, वर एक भांडं ठेवतात, भांड्यातलं मिश्रण पेटवतात आणि काही सेकंदांत पांढरंशुभ्र वितळलेलं लोखंड खाली साच्यात उतरतं. हीच थर्मिट अभिक्रिया. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. लोहाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन अ‍ॅल्युमिनियम हिसकावून घेतो, लोखंड मोकळं होतं, आणि उष्णता इतकी निघते की ते वितळलेलंच बाहेर पडतं.

प्रश्न असा: ३२० ग्रॅम आयर्न ऑक्साइड आणि ८१ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम एकत्र पेटवलं. लोखंड जास्तीत जास्त किती मिळेल? काय उरेल, किती उरेल?

पहिली पायरी, संतुलित समीकरण. आयर्न ऑक्साइडच्या रेणूत लोहाचे २ आणि ऑक्सिजनचे ३ अणू. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडमध्येही अ‍ॅल्युमिनियमचे २ आणि ऑक्सिजनचे ३. म्हणून:

१ आयर्न ऑक्साइड + २ अ‍ॅल्युमिनियम → १ अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड + २ लोह

ही पायरी चुकली की पुढचं सगळं गणित नीट सोडवूनही चुकतं. डावीकडं लोह २, उजवीकडं २. ऑक्सिजन ३ आणि ३. अ‍ॅल्युमिनियम २ आणि २. बोट ठेवून मोजा. मी वर्गात अजूनही बोट ठेवूनच मोजते.

दुसरी पायरी, ग्रॅमचे मोल करा. आयर्न ऑक्साइडचा एक मोल: ५६ दुणे ११२, अधिक १६ त्रिक ४८, एकूण १६० ग्रॅम. ३२० भागिले १६० म्हणजे २ मोल. अ‍ॅल्युमिनियम ८१ भागिले २७ म्हणजे ३ मोल.

तिसरी पायरी. इथंच सगळी मेख आहे. दरवर्षी या ठिकाणी कुणीतरी हात वर करून म्हणतं, "टीचर, दोन मोल कमी, तीन जास्त. म्हणजे आयर्न ऑक्साइड आधी संपणार की." वर्ग माना डोलावतो. आणि उत्तर चुकतं.

का चुकतं ते पाहा. आयर्न ऑक्साइडच्या प्रत्येक मोलला अ‍ॅल्युमिनियमचे दोन मोल लागतात. दोन मोल ऑक्साइड पुरता वापरायचा तर अ‍ॅल्युमिनियम चार मोल हवं. आहे तीनच. म्हणजे आधी संपणार अ‍ॅल्युमिनियम, मोलच्या आकड्यात ते जास्त असूनही. विडीला एक पान लागतं म्हणून तिथं पान मोजून भागलं. दोन पानांची विडी असती तर नऊशे पानांत साडेचारशेच झाल्या असत्या, तसंच हे.

झटपट ओळखायची रीत: प्रत्येकाचे मोल त्याच्या सहगुणकाने, म्हणजे समीकरणात त्याच्या आधी लिहिलेल्या आकड्याने, भागा आणि ज्याचा भागाकार लहान तो लिमिटिंग रिएजंट. आयर्न ऑक्साइड: २ भागिले १, म्हणजे २. अ‍ॅल्युमिनियम: ३ भागिले २, म्हणजे १.५. लहान १.५, म्हणून अ‍ॅल्युमिनियम. हा १.५ आकडा वहीत चौकटीत लिहून ठेवायची सवय लावा, कारण पुढं सगळ्याला तोच लागतो. अभिक्रिया "किती वेळा" घडेल ते तो सांगतो.

चौथी पायरी. चौकटीतला १.५ प्रत्येकाच्या सहगुणकाने गुणायचा. लोह: १.५ गुणिले २, म्हणजे ३ मोल, ३ गुणिले ५६, म्हणजे १६८ ग्रॅम. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड: १.५ मोल, एका मोलचं वजन ५४ अधिक ४८ म्हणजे १०२, म्हणून १५३ ग्रॅम. (बेळगावच्या हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटपासून जी पांढरी अ‍ॅल्युमिना भुकटी बनते, ती हेच अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड.) आयर्न ऑक्साइड वापरलं १.५ मोल, होतं २, उरलं अर्धा मोल म्हणजे ८० ग्रॅम.

पाचवी पायरी बरीच पुस्तकं सांगत नाहीत, मी मात्र ती सोडू देत नाही. घातलेलं वजन: ३२० अधिक ८१, एकूण ४०१ ग्रॅम. निघालेलं: लोखंड १६८, ऑक्साइड १५३, उरलेलं ८०. बेरीज करा. ४०१. वस्तुमान कुठंही जात नाही. परीक्षेत अर्ध्या मिनिटाची ही बेरीज तुमचं चुकलेलं समीकरण, चुकलेलं मोल-वजन आणि चुकलेली वजाबाकी तिन्ही पकडून देते.

आता समजा प्रत्यक्षात १४२.८ ग्रॅमच लोखंड हाती आलं. १४२.८ भागिले १६८, गुणिले १००: ८५ टक्के. कागदावरच्या १६८ ला थिओरेटिकल यिल्ड म्हणतात, तराजूवरच्या १४२.८ ला अ‍ॅक्च्युअल यिल्ड. पहिला आकडा गणितातून येतो, दुसरा बहुतेक वेळा प्रश्नात दिलेला असतो किंवा प्रयोगात तोलावा लागतो. यिल्डची टक्केवारी दिलेली नसेल तर दुसरा आकडा गणिताने काढायला बसू नका, तो निघतच नाही.

हे घरी डोळ्यांनी बघा

आकडे पटले तरी मनाला पटत नाही, म्हणून हा प्रयोग प्रत्येकाने एकदा करावाच. किराणा दुकानातलं ४ टक्के आम्लतेचं व्हिनेगर, खाण्याचा सोडा, एक लिटरच्या चार रिकाम्या बाटल्या, एकाच पाकिटातले चार फुगे आणि ग्रॅम दाखवणारा छोटा काटा एवढंच लागतं. काटा नसेल तर ओळखीच्या सोनाराकडून सोड्याच्या पुड्या तोलून आणा.

चारही बाटल्यांत ५० मिलिलिटर व्हिनेगर ओता. फुग्यांत कागदाच्या नरसाळ्याने सोडा भरा: पहिल्यात १ ग्रॅम, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ४. फुग्याचं तोंड बाटलीला घट्ट बसवा, मग फुगा उभा करून सोडा आत सांडू द्या. फेस उठतो, फुगा फुगतो. बाटली हलवत फेस पूर्ण बसेपर्यंत थांबा.

पहिला फुगा लहान, दुसरा मोठा, तिसरा आणखी मोठा. चौथा? तिसऱ्याएवढाच. सोडा एक ग्रॅम जास्त घालूनसुद्धा. माझ्या वर्गात या क्षणी जी शांतता पसरते, तिच्यासाठीच मी दरवर्षी फुगे विकत घेते.

गणित मांडू. ५० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये ४ टक्क्यांनी साधारण २ ग्रॅम अ‍ॅसेटिक आम्ल. त्याचा एक मोल ६० ग्रॅम, म्हणजे ०.०३३ मोल. सोड्याचा एक मोल ८४ ग्रॅम. समीकरणात सगळं एकास एक: एक सोडा, एक आम्ल, त्यातून एक कार्बन डायऑक्साइड. म्हणजे ०.०३३ मोल आम्लाला सोडा २.८ ग्रॅम पुरतो. पहिल्या दोन बाटल्यांत सोडा आधी संपतो, तिसऱ्या-चौथ्यात आम्ल. म्हणून तिसरा आणि चौथा फुगा जुळे भाऊ.

कुठल्या बाटलीत काय संपलं याचा पुरावाही मिळवता येतो. फुगे काढा. चौथ्या बाटलीत लिंबू पिळा: पुन्हा फसफस, कारण तिथं सोडा उरलाय. पहिल्या बाटलीत लिंबू पिळून काही होणार नाही, तिथं चिमूटभर सोडा टाका, मग फसफसेल. उरलेला सोडा पाण्यात विरघळलेला असल्याने डोळ्यांना दिसत नाही, पण तो आहे हे लिंबू सांगतं.

एक गोष्ट खास आपल्या गावची. पुस्तकात २५ अंश तापमानाला एक मोल वायू साधारण साडेचोवीस लिटर जागा व्यापतो असं असतं. ते समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबासाठी. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, इथं दाब कमी, म्हणून तोच मोल २७ लिटरच्या आसपास पसरतो. पणजीतल्या मुलाने हाच प्रयोग केला तर त्याचा फुगा आपल्यापेक्षा किंचित लहान राहील, मोल मात्र तेवढेच. आपल्या हिशेबाने पहिल्या फुग्यात साधारण ३२० मिलिलिटर, दुसऱ्यात ६४०, तिसऱ्या-चौथ्यात ८९० मिलिलिटर वायू हवा. दोरा गुंडाळून घेर मोजलात तर सुमारे २७, ३४ आणि ३७ सेंटीमीटर. वायू दुप्पट झाला म्हणून घेर दुप्पट होत नाही, गोळ्याचं आकारमान घेराच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. प्रत्यक्षात घेर एखाद-दोन सेंटीमीटर कमीच येईल: थोडा कार्बन डायऑक्साइड बाटलीतल्या पाण्यातच विरघळून राहतो, थोडा सोडा फुग्याला आतून चिकटतो. यिल्ड १०० टक्क्यांपेक्षा कमी का येतं, याचं उत्तर तुमच्या हातातच आहे.

मुद्दाम जादा घालतात तेव्हा

पुस्तकातल्या गणितांवरून वाटतं की एखादा पदार्थ उरणं म्हणजे कुणाची तरी चूक. कारखान्यात तो बहुतेक वेळा ठरवून जादा घातलेला असतो.

उसाला टाकतो त्या युरियाचं घ्या. दोन मोल अमोनिया आणि एक मोल कार्बन डायऑक्साइड मिळून एक मोल युरिया आणि एक मोल पाणी. कारखान्यात अमोनिया मुद्दाम जास्त ठेवतात, कारण त्याने कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त वापरला जातो. समजा २०४ किलो अमोनिया आणि १७६ किलो कार्बन डायऑक्साइड घेतला. किलोमध्ये असलं तरी रीत तीच, फक्त मोलऐवजी किलोमोल म्हणायचं. अमोनिया २०४ भागिले १७, म्हणजे १२ किलोमोल. कार्बन डायऑक्साइड १७६ भागिले ४४, म्हणजे ४. सहगुणकाने भागा: १२ भागिले २ म्हणजे ६, आणि ४ भागिले १ म्हणजे ४. लहान ४, लिमिटिंग कार्बन डायऑक्साइड. युरियाचा किलोमोल ६० किलो, म्हणून जास्तीत जास्त २४० किलो युरिया. पाणी ७२ किलो. अमोनिया वापरला ८ किलोमोल, उरला ४, म्हणजे ६८ किलो. २४० अधिक ७२ अधिक ६८, बेरीज ३८०, आणि घातलेलं २०४ अधिक १७६ हेही ३८०.

पण एका फेरीत हे २४० किलो मिळत नाहीत, अभिक्रिया मध्येच समतोलाला येऊन थबकते. समजा १५० किलो मिळाले, तर यिल्ड ६२.५ टक्के. मग कारखाना तोट्यात जातो का? नाही. उरलेला अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड वेगळे करून पुन्हा आत सोडतात. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यावर ४६ टक्के नायट्रोजन लिहिलेलं असतं, तेही आता तुम्हाला स्वतः काढता येईल: ६० ग्रॅम युरियात नायट्रोजनचे दोन अणू, म्हणजे २८ ग्रॅम. भागून पाहा.

घर रंगवायला कळीचा चुना भिजवतात, तिथंही पाणी मुद्दाम कितीतरी जादा. इथं आणखी एक गोष्ट शिकायची आहे: माल शुद्ध नसतो. १० किलो कळीच्या चुन्यात समजा ८४ टक्केच खरा कॅल्शियम ऑक्साइड आहे, बाकी दगडमाती. गणितात ८.४ किलो धरायचे, दहा नाहीत. मोल-वजन ५६, म्हणून १५० मोल. एकास एक पाणी लागतं, १५० मोल म्हणजे २.७ किलो. विरीचा चुना मिळेल ११.१ किलो. पण कुणी २.७ लिटरच मोजून पाणी ओतत नाही, कारण त्या उष्णतेने बरंच पाणी वाफ होऊन उडतं आणि रंगवायला पातळ चुनाही हवा असतो. आणि हे करताना लहान मुलांना लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा घाला. उडालेला चुन्याचा थेंब डोळा कायमचा घालवू शकतो.

द्रावणं, मळी आणि ओला फिल्टर पेपर

द्रावण दिलं की मुलं बिचकतात. बिचकू नका. मोल हवेत ना? मग मोलॅरिटी (एका लिटर द्रावणात किती मोल, तो आकडा) गुणिले लिटर. ०.१ मोलर सल्फ्युरिक आम्ल १०० मिलिलिटर, म्हणजे ०.०१ मोल. ०.१ मोलर कॉस्टिक सोडा १५० मिलिलिटर, म्हणजे ०.०१५ मोल. एका आम्लाला दोन कॉस्टिक सोडा लागतात, म्हणून ०.०१ आणि ०.०१५ भागिले २ म्हणजे ०.००७५. कॉस्टिक सोडा आधी संपतो. सोडियम सल्फेट ०.००७५ गुणिले १४२, म्हणजे १.०६५ ग्रॅम. मिलिलिटरचे लिटर करायला विसरलात तर उत्तर हजारपट मोठं येईल, आणि ते बघूनच शंका यायला हवी.

अभिक्रियाकारक एकच असेल तर लिमिटिंगचा प्रश्नच उरत नाही, तरी उतारा विचारतातच. मळीपासून अल्कोहोल करताना यीस्ट ग्लुकोजच्या एका मोलमधून दोन मोल इथेनॉल आणि दोन मोल कार्बन डायऑक्साइड करतं: १८० ग्रॅममधून ९२ आणि ८८. म्हणजे साखरेच्या वजनाच्या ५१ टक्क्यांवर इथेनॉल जाऊच शकत नाही, यंत्रं कितीही भारी आणा. ४५० किलो ग्लुकोजमधून कमाल २३० किलो. २०७ किलो मिळालं तर ९० टक्के यिल्ड. उरलेली साखर गेली कुठं? काही यीस्टने स्वतः वाढायला खाल्ली, काहीचं ग्लिसरॉलसारखं दुसरंच काही झालं.

एकामागून एक टप्पे असतील तर टक्केवाऱ्यांची बेरीज किंवा सरासरी करायची नाही, गुणाकार करायचा. ९०, ८० आणि ७५ टक्क्यांचे तीन टप्पे म्हणजे ०.९ गुणिले ०.८ गुणिले ०.७५, शेवटी ५४ टक्के. तीनही टप्पे चांगले वाटतात, हातात मात्र निम्म्याच्या थोडं वर.

आणि प्रयोगशाळेत कुणाचं यिल्ड ११२ टक्के आलं, तर ते शोध लागल्याचं लक्षण नव्हे. बहुतेक वेळा अवक्षेप, म्हणजे द्रावणातून खाली बसलेला घन पदार्थ, नीट वाळलेला नसतो, तुम्ही पाणी तोललेलं असतं. फिल्टर पेपर पुन्हा वाळवा, पुन्हा तोला, पुन्हा वाळवा. लागोपाठ दोन वेळा तेच वजन आलं की मगच लिहा. आकडा सुधारण्यासाठी वहीत खाडाखोड करणारी मुलं मला फार वाईट वाटायला लावतात. ११२ लिहा आणि खाली कारण लिहा, मी पूर्ण मार्क देते.

सरावाला दोन गणितं

पहिलं: १२ ग्रॅम मॅग्नेशियम १२ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये जाळलं. २ मॅग्नेशियम + १ ऑक्सिजन → २ मॅग्नेशियम ऑक्साइड. १७ ग्रॅम ऑक्साइड मिळालं तर यिल्ड किती?

दुसरं: २२ ग्रॅम प्रोपेन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन. १ प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी. प्रोपेनचं मोल-वजन ४४. कार्बन डायऑक्साइड किती?

वहीत सोडवा, मगच खाली बघा.

पहिल्यात मॅग्नेशियम अर्धा मोल, ऑक्सिजनच्या रेणूचं मोल-वजन ३२ म्हणून ०.३७५ मोल. इथं १६ ने भागलंत तर फसलात, ऑक्सिजन वायूचा रेणू दोन अणूंचा असतो. सहगुणकाने भागून ०.२५ आणि ०.३७५. मॅग्नेशियम लिमिटिंग. ऑक्साइड अर्धा मोल, २० ग्रॅम. ऑक्सिजन उरला ४ ग्रॅम. २४ बरोबर २४. यिल्ड ८५ टक्के.

दुसऱ्यात प्रोपेन ०.५ मोल, ऑक्सिजन २ मोल. भागून ०.५ आणि ०.४. ऑक्सिजन लिमिटिंग. कार्बन डायऑक्साइड १.२ मोल, ५२.८ ग्रॅम. पाणी २८.८. प्रोपेन उरला ०.१ मोल, ४.४ ग्रॅम. बेरीज ८६, घातलेलंही ८६.

या दुसऱ्या गणिताचं उत्तर परीक्षेपुरतं बरोबर आहे. खऱ्या ज्योतीत ऑक्सिजन आधी संपायला लागला की गॅस गुपचूप उरून राहत नाही. अर्धवट जळतो, आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वास नाही, रंग नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरखाली हेच घडतं. तुमच्या घरी गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर बसवून घ्यायला आज संध्याकाळी घरात सांगा, आणि तोवर आंघोळीआधी बादली भरून गिझर बंद करा, खिडकी उघडी ठेवा.